यंदाच्या दिवाळीत ‘काही आणू नका’ हे आधी कोणी म्हणायचे?

मांजराकाठ, लातूर | १० ऑक्टोबर २०२५

सर्वांना नमस्कार. वसुबारस १७ ऑक्टोबरला आहे, म्हणजे हातात जेमतेम आठवडा उरला आहे. म्हणून दिवाळीतल्या देण्याघेण्याचा हा विषय या चर्चेच्या धाग्यावर आजच मांडते.

माझे माहेर परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठावर आहे. सप्टेंबरच्या शेवटी नदी गावात शिरली तेव्हा भावाचे साडेतीन एकर सोयाबीन काढणीला आले होते. पाणी ओसरल्यावर मी गेले, तेव्हा शेंगा सोलून पाहिल्या तर आतल्या दाण्यांना कोंब फुटले होते. नदीकडच्या दीड एकरातली काळी माती खरडून गेली होती आणि खालचा मुरूम उघडा पडला होता. सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले आहे, पण भावाच्या वाट्याचे पैसे त्याच्या खात्यात पडेपर्यंत भाऊबीज थांबणार नाही.

परवा वहिनीचा फोन आला. गाळ काढणे, मोटार दुरुस्तीला टाकणे अशा गोष्टी बोलता बोलता तिने विचारले, “ताई, यंदा साडी कोणत्या रंगाची आणू?” मी म्हटले, काही नको. तिने ते ऐकून घेतले, पण मनावर घेतले नाही, कारण ‘काही नको’ हे आपण सगळ्याच दरवर्षी म्हणतो आणि भाऊ दरवर्षी आणतोच. नंतर भाच्याकडून कळले की तिघी बहिणींच्या साड्या, दोन जावयांचे कपडे आणि पोरांची खरेदी यांसाठी भाऊ गावातल्या एकाकडून शेकडा पाच रुपये दराने पंधरा हजार रुपये उचलणार आहे. म्हणजे महिन्याला साडेसातशे रुपये नुसते व्याज, आणि तेही आम्ही कपाटात ठेवून देणार त्या साड्यांसाठी.

त्या रात्री मी कपाट उघडले आणि सगळे बाहेर काढून मोजले. ब्लाउजपीस ४१ निघाले, टॉवेल १७, न वापरलेल्या टोप्या ९, आणि एकदाही न नेसलेल्या देण्याघेण्याच्या साड्या १२. त्यातल्या एका मोरपंखी खणाच्या घडीवर हळदीचा अर्धगोल डाग होता. तो डाग माझ्याच हातचा आहे. तीन वर्षांपूर्वी जावेच्या बहिणीची ओटी भरताना तो खण मीच दिला होता, आणि कुणाकुणाच्या घरून फिरत तो घडी न मोडता पुन्हा माझ्याकडे आला आहे. वाटेत प्रत्येक घराने त्याचा मान राखला, पण त्याचा उपयोग एकाही घराला झाला नाही.

मला जे वाटते ते स्पष्ट लिहिते. ओढाताणीच्या वर्षी ‘साधेपणाने सण करा’ असा उपदेश आपण देणाऱ्याला करतो, पण देणाऱ्याच्या हातात काहीच नसते. भावाने साडी आणली नाही तर तो कमी पडला असे होते, आणि मुलीच्या बापाने दिवाळसण टाळला तर ते त्याच्या मुलीला ऐकावे लागते. हा खर्च थांबवण्याचा अधिकार फक्त घेणाऱ्याकडे आहे. बहीण, जावई, विहीण, सासू, आपल्यापैकी जे जे घेणाऱ्याच्या जागी आहेत त्यांनी आधी, स्वतःहून, खरेदी होण्यापूर्वी बोलले पाहिजे. ते कसे बोलावे, आणि त्याऐवजी एकमेकांना काय द्यावे, हे मला आपणा सर्वांकडून समजून घ्यायचे आहे.

काळंरान, हिंगोली

ताई, आमच्या भावकीत टॉवेल-टोपी चार वर्षांपूर्वी बंद झाली. आधी दोनदा तरुणांनी ठराव केला आणि दोन्ही वेळा तो पहिल्याच लग्नात मोडला, कारण मानाची टोपी ज्यांना मिळते ती मंडळी गप्प होती. तिसऱ्या वेळी भावकीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या चुलत्यांनी भर मांडवात आपल्या हाताने टोपी परत केली आणि “मला कुंकू लावा, मान पोचला” असे म्हणाले. त्यानंतर कुणालाही दुसरे काही मागायला तोंड उरले नाही. तुमचा मुद्दा मला म्हणूनच पटतो.

तुळजाईची लेक, धाराशिव

माझी लग्नानंतरची ही पहिली दिवाळी आहे. वडिलांची चार एकर उडीद-सोयाबीनची जमीन पाण्याखाली गेली. दिवाळसणाला जावयाला अंगठी द्यायची हे लग्नातच बोलून झाले होते. घरात मला कोणी वाईट वागवत नाही, हे आधी सांगते. पण काल सासूबाईंच्या मैत्रिणी बसायला आल्या होत्या. त्यांनी ‘जावयाला काय येणार’ असे विचारले, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी वडिलांना ‘नका आणू’ असे सांगू शकत नाही, कारण त्यांना ते माझे भिडेचे बोलणे वाटेल. नवऱ्याला सांगितले तर तो आईकडे बोट दाखवतो. तुमचे लिहिणे वाचून बरे वाटले, पण माझ्या घरात हे बोलणार कोण?

मांजराकाठ, लातूर

बाळ, तुझ्या नवऱ्याने बोलायचे आहे. अंगठी त्याच्या बोटात जाणार आहे, त्यामुळे ‘नको’ हा शब्द त्याच्याच तोंडी शोभतो. त्याने सासऱ्यांना फोन करावा आणि आईच्या समोर बसून करावा, म्हणजे घरात वेगळे काही सांगावे लागणार नाही. जमल्यास त्याला हा धागा वाचायला दे.

गोदामाय, पैठण

मी सासूच्या जागेवरून लिहिते. दोन मुली दिल्या आहेत आणि दोन सुना आणल्या आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

धाराशिवच्या लेकीचे वाचल्यावर मी काल संध्याकाळीच धाकट्या सुनेच्या आईला फोन केला. त्यांची शेती गेवराईकडे आहे आणि पिकाचे काय झाले हे मला ठाऊक होते. तरीही गेले दहा दिवस मी तो विषय काढला नव्हता, याचे मला वाईट वाटते. काय बोलले ते जसेच्या तसे लिहिते, कुणाला उपयोगी पडेल म्हणून.

मी म्हटले, “विहीणबाई, यंदा दिवाळसणाचे काही आणायचे नाही. हे मी तुमच्याकडे पाहून म्हणत नाही, आमच्या घरात यंदा कुणाकडूनच घ्यायचे नाही असे ठरले आहे. माझ्या लेकींच्या सासरीही मी हेच कळवले आहे. तुमच्याकडून मला एकच हवे आहे, तुमच्या हाताला अनारशाची जाळी छान पडते, माझी कधी पडली नाही. तीन दिवस तांदूळ मी भिजवून ठेवते, तुम्ही दोन दिवस आधी राहायला या.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “खसखस मी घेऊन येते.” तेवढे मी येऊ दिले. मला वाटते हे महत्त्वाचे आहे, कारण कुणाला रिकाम्या हाताने बोलावले की त्याचा पाय उंबऱ्यावर अडखळतो. घेणाऱ्याने नुसते नको म्हणू नये, जे त्या माणसाला सहज देता येईल असे काहीतरी आपणहून मागून घ्यावे.

आणखी एक. पुढच्या वर्षी १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे, कपडे, चांदीचे निरांजन असे करता करता आपल्याकडची माणसे किती खोलात जातात हे मी २०२३च्या अधिक श्रावणात जवळून पाहिले आहे. त्याबद्दलचे बोलणे या दिवाळीतच होऊन जावे.

सुतीमाल, जालना जिल्हा

मी तालुक्याच्या गावी कापडाचे लहान दुकान चालवतो, त्यामुळे माझे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि ते आपण ऐकून घ्यावे ही विनंती. वर्षभराच्या विक्रीतली मोठी विक्री दसरा, दिवाळी आणि लग्नसराई एवढ्याच दिवसांत होते. दुकानात दोन मुले कामाला आहेत, समोर एक शिंपी बसतो, बाजूला बांगड्यांचे दुकान आहे. सगळ्यांनी एकदम खरेदी थांबवली तर आमच्या घरांत दिवाळी कशी होणार, हाही प्रश्न विचारात घ्यावा.

पण आपल्या कपाटाची मोजदाद वाचून मी माझी उधारीची वही उघडून बसलो. दिवाळीच्या मालातला निम्म्याहून अधिक माल मी ‘सोयाबीन विकल्यावर’ या बोलीवर देतो. यंदा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण काळा पडलेला आणि भिजलेला माल त्या भावात कोण घेणार? म्हणजे ती उधारी माझ्या वहीत पडून राहणार आणि मला मात्र सुरतेच्या व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर द्यावे लागणार. देण्याघेण्याच्या साडीवर मला मिळते फार थोडे. खरी विक्री नेसायच्या साडीची, पोरांच्या शाळेच्या कपड्यांची आणि धोतरजोडीची असते, आणि ती रोखीने होते. आपण सांगता ते लोकांनी केले तर माझी विक्री कमी होईल, पण बुडणारी उधारीही कमी होईल, हे मी मान्य करतो.

माझी एक मागणी आहे. थांबवायचे असेल तर जे वापरले जात नाही ते थांबवा. ज्या घरात पोराला अंगभर कपडा नाही तिथे कपडा घ्या, तो गावातून घ्या आणि गावातल्या शिंप्याकडून शिवून घ्या. पणत्या कुंभाराकडूनच घ्या. मी माझ्यापुरते ठरवले आहे की नदीकाठच्या सात गावांतल्या गिऱ्हाइकांकडे मागची बाकी संक्रांतीपर्यंत मागणार नाही. तसे त्यांना आजपासून निरोप पाठवतो आहे.

मांजराकाठ, लातूर

दादा, आपली मागणी रास्त आहे आणि माझ्या लिहिण्यात ती बाजू राहून गेली होती. बाकी न मागण्याचा निरोप तुम्ही दिवाळीच्या आधी पाठवता आहात, याचे मोल ज्यांच्या दारात वसुली येते त्यांना कळेल.

रब्बी, परभणी

‘त्याऐवजी काय द्यावे’ या प्रश्नाला माझे उत्तर बियाणे असे आहे. कोरडवाहू रब्बी ज्वारीला एकरी साधारण ४ किलो बियाणे लागते. याचा अर्थ एका बऱ्यापैकी साडीच्या किमतीत बहीण भावाला दोन-तीन एकरांची पेरणी देऊ शकते, आणि त्यातून माणसांना भाकरी व जनावरांना कडबा दोन्ही येते.

मात्र आंधळेपणाने द्यायला जाऊ नका. ज्वारी पेरण्याचा योग्य काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर आहे. यंदा अनेक रानांना अजून वाफसाच नाही, म्हणजे माती पेरण्याइतकी सुकलेली नाही, आणि उशिरा पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी जास्त येते. म्हणून ज्यांचे रान दिवाळीनंतर वाफशावर येणार आहे आणि विहिरीला पाणी आहे, त्यांना हरभरा द्यावा. मध्यम दाण्याच्या वाणाला एकरी २५ ते ३० किलो बियाणे लागते. एका बहिणीला हे जड वाटेल, पण तिघींनी मिळून दिले तर जाणवणार नाही. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा ‘आकाश’ आपल्याकडच्या रानात चांगला येतो.

हरभऱ्याचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावेच लागते असे नाही. ज्यांच्या घरी मागच्या वर्षीचा न किडलेला, एकाच वाणाचा हरभरा आहे, त्यांनी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि आठवड्याने उघडून पाहावे. ८५ च्या आसपास उगवले तर तो निर्धास्तपणे द्यावा. पेरण्यापूर्वी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीची पूड चोळावी, म्हणजे मर रोगाला आळा बसतो. त्या पुड्या पाहुण्याच्या हातात साखरेच्या पुडीसारख्या ठेवता येतात.

ज्याची मातीच वाहून गेली आहे त्याला यंदा बियाण्याचाही उपयोग नाही. त्याला गाळाच्या चार ट्रॉल्या आणि तो गाळ पांगवायला दोन दिवसांचे हात हवे आहेत. आपल्याकडे इर्जिक म्हणतात तेच करावे. औतवाल्यांनी आपापली औते घेऊन एकाच्या रानात एक दिवस जायचे आणि त्या घराने जेवण द्यायचे. यंदा जेवणही आपणच बांधून न्यावे.

नांदेडकर, सध्या पुणे

आमच्या सोसायटीतून जुने कपडे गोळा करून पाठवण्याचा विचार चालू आहे. ते योग्य होईल का?

काळंरान, हिंगोली

कृपया नको. आमच्या जवळच्या एका गावात शाळेच्या पटांगणावर कपड्यांचा ढीग पडून भिजतो आहे आणि तो हलवायला माणसे मिळत नाहीत. त्याऐवजी आपल्या ओळखीच्या एकाच घराला फोन करा आणि काय कमी आहे ते विचारा. वह्यापुस्तके भिजली आहेत, पोराची परीक्षेची फी राहिली आहे, शेळी वाहून गेली आहे, असे नेमके उत्तर मिळेल.

सीनाकाठ

मी मदत घेणाऱ्यांपैकी आहे. लिहावे की नाही असा दोन दिवस विचार केला.

पाणी ओसरल्यावर आमच्या गावात किराण्याचे किट आले. पाच किलो गहू, डाळ, तेल, मीठ, तिखट असे सामान होते आणि त्या आठवड्यात आम्हाला त्याची खरोखर गरज होती. देणाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण प्रत्येक किट देताना फोटो काढला जात होता. मी रांगेत नव्हते, गोठ्यातला चिखल काढत होते, म्हणून बारा वर्षांची मुलगी गेली. दुसऱ्या दिवशी तो फोटो तिच्या वर्गातल्या मुलांच्या घरच्या मोबाइलवर होता. फोटोत तिच्या हातात पिशवी आहे आणि पिशवीला चार माणसांनी हात लावला आहे. तेव्हापासून शाळेत जाताना ती मागच्या रस्त्याने जाते.

त्याच आठवड्यात आणखी एक झाले. रात्री आठच्या सुमारास वरच्या आळीतल्या एक आजी आल्या आणि “माझ्याकडे दळण जास्त झालं, पीठ खराब होईल, ठेवून घे,” असे म्हणून पायलीभर ज्वारीचे पीठ ठेवून गेल्या. कुणाकडेही दळण जास्त झालेले नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. माझी मुलगी त्या आजींना रोज सकाळी घागरभर पाणी नेऊन देते. तसे कर असे मी तिला सांगितलेले नाही.

नांदेडकर, सध्या पुणे

सोसायटीच्या गटात हे वाचून दाखवले. कपडे रद्द केले आहेत, फोटोही रद्द केले आहेत. आम्ही अकरा कुटुंबे प्रत्येकी एका मुलाची यंदाची वह्यापुस्तके आणि फी एवढे उचलणार आहोत, आणि पैसे थेट ज्याचे त्याच्या घरी देणार आहोत.

उसाचं पाचट, बीड

आमच्या भागातल्या नवरा-बायकोच्या हजारो जोड्या दिवाळी संपते न संपते तोच कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि तीतलीच थोडी सणात जाते. माझे आईवडील वीस वर्षे जात होते. आता मी नोकरी करतो, पण धाकटा भाऊ आणि भावजय अजून जातात.

आम्हा घरांना दिवाळीला काय द्यावे असे कुणी विचारले तर मी म्हणेन की आम्ही गेल्यावर मागे जे राहते त्याच्याकडे पाहावे. पाच महिने घरात म्हातारी आई आणि शाळेतली पोरे असतात. आम्ही लहान असताना शेजारच्या काकूंनी पाच हंगाम आमच्या शेळ्या आपल्या शेळ्यांबरोबर चारायला नेल्या, आजीच्या औषधाच्या गोळ्या वेळेवर दिल्या आणि मी शाळेत गेलो की नाही हे रोज दारात उभे राहून पाहिले. आई कोपीत राहून ऊस तोडत असताना तिला घोर नव्हता तो एवढ्यामुळे. या गोष्टीला आम्ही कधीच भेट म्हटले नाही. माझी बहीण लग्न होऊन गेली तरी भाऊबीजेला त्या काकूंच्या मुलाला आधी ओवाळते.

यंदा ज्यांच्या शेजारची जोडी जाणार आहे त्यांनी निघण्याच्या आदल्या रात्री जाऊन एवढेच सांगावे की पोरांच्या हजेरीचे मी पाहतो. त्याला काहीच खर्च नाही, पण ते पाच महिने निभावावे लागते.

पांढरीमाती, जालना

माझे वय बहात्तर आहे, नातवाकडून टंकून घेते आहे.

१९७२च्या दुष्काळात मी लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. सगळी माणसे पाझर तलावाच्या आणि रस्त्याच्या कामावर जात. मुलांना कामावर सुकडी मिळे, घरात मिलोची तांबडी भाकरी असे. सासरी एकच गाय उरली होती आणि तीही बसली की उठत नव्हती, शेपटीला धरून उठवावी लागे. भाऊबीजेला भाऊ येणार नाही असेच मी धरून चालले होते, कारण त्यांच्याकडेही काही पिकले नव्हते.

तो आला तो चालत, नऊ कोस, डोक्यावर कडब्याच्या पेंड्यांचा भारा घेऊन. मागल्या सालाचा, गंजीच्या तळाचा, करडा पडलेला कडबा होता तो. मी पाटावर बसवून ओवाळले तेव्हा त्याने ताटात सुपारी ठेवली, उठला, गोठ्यात गेला आणि एक पेंडी सोडून गाईच्या पुढ्यात टाकली. पेंड्या चौदा होत्या. रोज एक अशा मी त्या पुरवल्या. नंतरच्या वर्षांत त्याने मला इरकली घेतली, पाटल्याही केल्या. त्या कोणत्या दिवाळीला घेतल्या ते आठवत नाही.

गावाकडे अशा सुपारीला कुणी हसत नसे. ओवाळणीत सुपारी चालते हे ताटातच ठरलेले आहे, आपण ते विसरलो.

तुळजाईची लेक, धाराशिव | १९ ऑक्टोबर

यांनी काल रात्री बाबांना फोन केला, आईंच्या समोर. अंगठी नको, आम्ही दोघेच पाडव्याला येतो आणि मी दोन दिवस गाळ काढायला थांबतो असे सांगितले. आई काही बोलल्या नाहीत. आज सकाळी त्यांनी माझ्या आईसाठी करंज्यांचा डबा वेगळा भरून ठेवला आहे.

मांजराकाठ, लातूर | २५ ऑक्टोबर

आमच्याकडे काय झाले ते सांगायचे राहिले होते.

मी वहिनीला न सांगता थेट भावाला फोन केला आणि साड्या आणायच्या नाहीत असे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आता मी बहिणीला साडी घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, असंच ना?” मला रडू आले. गोदामाय यांनी लिहिलेले तेव्हा नीट कळले. मी नुसते नको म्हणाले होते, त्याच्याकडून काही मागितले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून मी त्याला म्हटले, “संक्रांतीच्या सुगडात घालायला मला तुझ्या रानातले हरभऱ्याचे ढाळे हवेत. लातूरला बाजारात मिळतात, पण आईच्या वेळेपासून सुगडात आपलेच असतात.” तो म्हणाला की बियाणेच नाही तर ढाळे कुठून आणू. आम्ही तिघी बहिणींनी मिळून पस्तीस किलो हरभरा नेला.

दरवर्षी तो मुराळी म्हणून न्यायला येतो. यंदा आम्हीच तिघी, जावई आणि पोरे, फराळाचे डबे आणि दोन दिवसांचा शिधा घेऊन भाऊबीजेला गेलो. पंधरा हजार रुपये त्याने उचलले नाहीत. जावयांनी आणि पोरांनी विहिरीजवळचा गाळ काढला. पाण्यात राहून घरातली अंथरुणे कुजली होती, म्हणून मी ते ४१ ब्लाउजपीस आणि जुन्या सुती साड्या बरोबर नेल्या. वहिनी आणि तिच्या शेजारच्या दोघी जणी वाकळ फार सुरेख शिवतात. एक वाकळ झाली आहे आणि दुसरी निम्मी. मोरपंखी खण पहिल्या वाकळीच्या मधोमध लागला आहे. डागाची बाजू वर ठेव असे मी वहिनीला सांगितले.

ओवाळताना भावाने ताटात सुपारी ठेवली आणि ती ठेवताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मग हरभऱ्याच्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढले, ते सुपारीशेजारी ठेवले आणि म्हणाला, “हे परत न्यायचे नाहीत, नुसते दाखवतो. संक्रांतीला घेऊन येतो.” काल पेरणी झाली.

त्या दोघी शेजारणींकडे आता आणखी सहा घरांनी वाकळी सांगितल्या आहेत, शिवणावळ ठरवून. वरच्या तुकड्यांना खण भरपूर जमले आहेत, पण आतल्या थराला सुती कापड कमी पडते आहे. ज्यांच्याकडे जुनी सुती लुगडी, धोतरे किंवा चादरी असतील त्यांनी धुऊन ठेवावीत. पुढच्या रविवारी मी पुन्हा परंड्याला जाणार आहे. टेरिकॉट देऊ नये, त्यात सुई चालत नाही आणि ऊबही राहत नाही.